अक्का, तू हसली होतीस का?

अक्का, तुझा तेरावा होऊन आज आठ दिवस झाले आणि तुझ्या शेवटच्या फोनची मी पार वाट लावून ठेवली आहे. हे तुलाच सांगायला हवं. यातलं शास्त्र तुझं आहे आणि घोटाळा माझा.

आज दुकानाला सुट्टी. तुझी भावजय नलिनी आत भाजी निवडते आहे, मी पुढच्या खोलीत वही घेऊन बसलोय. तुझी मुग्धा तुझ्या घरी आवराआवर करते आहे. उद्या ती पुण्याला परत जाईल, म्हणून संध्याकाळी किल्ली द्यायला इकडे येणार आहे. ती आल्यावर मला तिच्याशी एक गोष्ट बोलायची आहे. सकाळपासून चार वेळा चहा मागितला म्हणून नलिनी आता उत्तरच देत नाही.

आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे. मातीला येणारा येतो आणि जातो. नंतर भेटायला येणारा मात्र चप्पल काढून सतरंजीवर बसतो, दोन मिनिटं खाली बघतो आणि मग विचारतो, "कसं काय झालं वो?" मग घरातल्या एकाने सुरुवातीपासून सांगायचं. सांगून होत येतं तेवढ्यात दारात आणखी चार जण, की पुन्हा पहिल्यापासून. नलिनीला मधेच रडू फुटायचं, मुग्धाच्या तोंडून शब्द निघत नव्हता. राहिलो मी. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात सगळी हयात गेलेला बोलका माणूस. तेरा दिवस मीच सांगितलं.

काय सांगायचो ते ऐक. मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला अक्काचा दुकानात फोन आला. मी गिऱ्हाइकात होतो. म्हणाली, नलिनीला माझी पिठाची चाळणी परत पाठवायला सांग. आणि गंमत अशी की चाळणी हा शब्दच तिला आठवेना. मी चेष्टा केली, ती हसली, फोन ठेवला. संध्याकाळी सहाला शेजारच्या वहिनींनी पाहिलं तर स्वयंपाकघरात पडलेली. मेंदूत रक्ताची गाठ अडकली म्हणाले डॉक्टर. दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. शुद्धीवर आलीच नाही.

हे ऐकून समोरचा माणूस हळूच मान हलवायचा आणि म्हणायचा, "चला, भावासंगं हसून-बोलून गेल्या. कमी लोकाइच्या नशिबात असतं." ते ऐकलं की मला बरं वाटायचं, अक्का. खोटं कशाला बोलू. त्या एका वाक्यासाठी मी ती गोष्ट पुढच्या माणसाला आणखी जरा रंगवून सांगायचो. आठव्या-नवव्या दिवसापर्यंत तुझं हसणं चांगलंच मोठं झालं होतं. नाकातून फुर्र आवाज काढून तू हसायचीस ना, तसं मी करूनही दाखवलं एकदा. बायका डोळे पुसता पुसता हसल्या.

बाराव्या दिवशी परतूरची मंडळी उठून गेली आणि मुग्धा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मामा, आई हसली म्हणालात तुम्ही."

"हो ना."

"दवाखान्यात तुम्ही मला म्हणाल्ते की ती हसली न्हाई. गप झाली, असं म्हणाल्ते."

रागाने नाही विचारलं तिने. पोरीचा आवाज अगदी तुझ्यासारखा, पेपर तपासताना यायचा तसा. तुझं हसणं मला ऐकू येत होतं. स्पष्ट. पण ते मंगळवारचं होतं, का मागच्या दिवाळीचं, का मीच सतरंजीवर बसून काढलेलं, हे मला सांगता येईना. त्या दिवसापासून माझी झोप गेली आहे. तू हसली असशील तर साधी गोष्ट आहे, वय झालं की शब्द अडकतात. हसली नसशील तर तू घाबरली होतीस, आणि मी घाबरलेल्या बहिणीची चेष्टा करून फोन ठेवला.

यातलं सगळ्यात मोठं दुखणं हे की असं होतं म्हणून तू मला आधीच सांगून ठेवलं होतंस.

कॉलेजातले तास शिकवून झाले की तू दुपारी दुकानाच्या गादीवर येऊन बसायचीस. पंख्याखालची जागा तुझी. बाहेर ऑटोवाले एकमेकांवर ओरडतायत, मी ताग्यावर तागे उलगडतोय आणि तू मला बारावीचं जीवशास्त्र शिकवतेस, जे मी दोनदा नापास झालो होतो. साड्या बांधायच्या खाकी कागदावर तू डोकं काढायचीस आणि त्यात खोल आत एक वाकडी शेपटी. "ही दोन्ही बाजूला असती, समुद्रघोड्यासारखी. ज्याच्याकडं लक्ष गेलं तेच हिच्यापर्यंत पोचतं. लक्ष न्हाई, तर ते दारातूनच परत. पोचलेलं आधी इथं कच्चं राहतं. मंग झोपेत मेंदू ते थोडं थोडं वरच्या थरात पोचवतो, पेशींचे एकमेकींशी जोड पक्के होतात."

"म्हणजे माझ्या मांडणीत तागा ठेवल्यासारखंच की."

"न्हाई रे बाबा! एका जागी ठेवलेलं नसतंच ते. साडीचा रंग एकीकडं, गिऱ्हाइकाचा आवाज दुसरीकडं, अत्तराचा वास तिसरीकडं. आठवायचं म्हणजे ते गोळा करून दरवेळी नव्यानं जुळवायचं. आणि जुळवलेलं काही वेळ नरम राहतं. परत आत जाताना त्या घडीचं काहीबाही त्याला चिकटून आत जातं. म्हणून लई वेळा सांगितलेली गोष्ट सगळ्यात कमी भरवशाची."

मला हे बिलकुल मान्य नव्हतं. मांडणीतून तागा काढला तर तागाच निघतो, चादर निघत नाही, असं मी म्हणायचो. तू म्हणायचीस, तागा गिऱ्हाइकाला दाखवून पुन्हा गुंडाळतोस तेव्हा पहिली घडी बसते का? त्यावर मी चहा मागवायचो.

माझा जीव का जळायचा ते सांगतो. माझ्याजवळ दुसरं होतंच काय? मी दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तूच त्यांना म्हणालीस, "ह्याला दुकानावर बसू द्या. ह्याला माणसं लक्षात राहतात." त्या एका वाक्यावर मी उभा राहिलो. कोणत्या गावची बाई, मागच्या लग्नात काय रंग नेला, सून कुठली, सगळं मी धडाधड सांगायचो आणि लोक थक्क व्हायचे. जिने मला हे देऊन टाकलं तीच पुढे म्हणायला लागली की आठवणीचा भरवसा धरू नकोस. हे बरं होतं तुझं. उपकार मानतो अक्का, पण हे बरं होतं तुझं.

जांब समर्थचं भांडण तर तसंच राहून गेलं. रामनवमीच्या गर्दीत मी हरवलो होतो. उसाच्या रसवाल्याने मला बाकावर बसवून ग्लासभर रस दिला, ग्लासाच्या काठावर माशी होती, आई रडत आली आणि आधी तिने मला दोन चापट्या मारल्या. माशीसुद्धा आठवते मला. आणि तू शांतपणे म्हणायचीस, "बाळू, हरवले मी होते. तू आईच्या कडेवर होतास. घरात इतक्यांदा ऐकलंस की तुझंच करून टाकलंस." आई गेली, वडील गेले, आता विचारायचं कुणाला. तू होतीस तोवर निदान दोघे जण हरवलेले होतो. आता एकटाच राहिलोय, आणि मला कबूल करायला लाज वाटते की अलीकडे ती माशीही जरा शंकास्पद वाटायला लागली आहे.

या भांडणातूनच आपला तो खेळ निघाला. कुणाला नाव आठवलं नाही, शब्द अडला, की समोरच्याचा एक मार्क. साठी ओलांडलेली दोन माणसं, पण नलिनीच्या भाषेत पोरकटपणा जाईना. मार्क बहुतेक तुझेच व्हायचे. म्हणून त्या मंगळवारी तू अडखळलीस तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. दुसऱ्या कुणा बहिणीचा भाऊ असता तर त्याला काळजी वाटली असती. मला मार्क दिसला.

आता तो फोन. सतरंजीवर सांगितलेला नाही, खरा. निदान मला जितका खरा काढता येतो तितका.

वाटूरचा बस्ता होता. लग्नाची सगळी कापडं एकदम घ्यायला मुलीकडचे दहा-बारा जण गादीवर बसलेले. शालूंचा ढीग पडलेला, मुलीची आई दोन रंगांत अडकलेली. तेवढ्यात तुझा फोन. तू म्हणालीस, "नलिनीला सांग, माझी ती... ती पाठव म्हणावं. पिठाची. ती गोल..." मी म्हणालो, काय गोल? तू म्हणालीस, "अरे ती..." आणि थांबलीस. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि फोनचा स्पीकर लावला.

हो. स्पीकर लावला. सतरंजीवर हे मी सांगितलेलं नाही. गिऱ्हाइकाला म्हणालो, "ऐका, ह्या जालन्याच्या मोठ्या बाई, तीस वर्षं मेंदू शिकवला ह्यांनी, आणि ह्यांना चाळणी म्हणता येईना!" सगळा बस्ता हसला. मी म्हणालो, "अक्का, एक मार्क माझा." त्यानंतर तू हसलीस, किंवा नाही हसलीस. दहा-बारा माणसांच्या हसण्यात तुझं होतं का, हे मी किती दिवस शोधतोय. कापसाच्या गंजीत सुई शोधावी तसं झालंय.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी घाईने विचारलं, शेवटचं नीट बोलणं कुणाशी झालं, केव्हा? मी म्हणालो, माझ्याशी, दुपारी दोनला. बोलताना अडखळत होत्या का? मी म्हणालो, न्हाई. का म्हणालो? त्या क्षणी मला तसंच वाटलं म्हणून, का अडखळत होती म्हटलं तर पुढचा प्रश्न काय येईल ते कळलं म्हणून? हेसुद्धा मला आता सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, गाठ विरघळवायच्या इंजेक्शनला उशीर झालाय. सकाळी मुग्धा पुण्याहून येऊन पोचली. तिचं तोंड बघून माझ्याकडून खरं निघून गेलं, की एक शब्द अडला होता आणि तू गप्प झालीस. नंतर सतरंजी पडली, आणि पुढचं तुला माहीत आहे.

रागही येतो तुझा. बीपीची गोळी घेतलीस का विचारलं की "मला शिकवू नको" म्हणायचीस. पोरांना फळ्यावर रक्तवाहिन्या काढून दाखवणारी बाई, जीभ जड झाल्यावर सरळ शेजारी हाक मारायची सोडून दुकानावर फोन करते! ते पण चाळणीसाठी! चाळणी काय पळून चालली होती का? हे लिहिलं आणि वाईट वाटलं. खोडत नाही, राहू दे. तू असतीस तर यावर आपलं तासभर वाजलं असतं.

परवा मी वाटूरला जाऊन आलो. बस्त्यातला एक ब्लाउजपीस दुकानात राहिला होता, तेवढं निमित्त. एरवी मी तो कुणाच्या तरी हाती पाठवला असता. मुलीच्या आईने ओट्यावर खुर्ची टाकली, पाणी दिलं, तुझं कळल्याचं बोलली. मी पाण्याचा तांब्या हातात धरून विचारलं, "ताई, त्या दिवशी फोनवर माझी बहीण हसली होती ना?"

"हसल्या की वो! समदेच हसलो आपण. लई गोड हसल्या."

माझ्या जिवात जीव आला. तिचे म्हातारे सासरे बाजेवर बसले होते. ते म्हणाले, "मला तर बाईचा आवाज काही ऐकू आल्ता असं वाटत न्हाई. मी भिताडाला टेकून पेंगून राह्यल्तो."

"मामंजी, तुम्ही झोपल्तेच! त्या म्हणल्या न्हाई का, बाळू, तू लई वांड हाईस म्हणून? बराबर आठवतंय मला. पांढरी साडी नेसल्या होत्या."

फोनवर कुठली पांढरी साडी, अक्का? आणि तू मला वांड कधीच म्हणाली नाहीस, तुझा शब्द आगाऊ. तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलंय. प्रश्न मी विचारला तोच मुळी गिऱ्हाइकाला विचारावा तसा. ताई, तुम्हाला हाच डाळिंबी हवा होता ना? आणि बाई म्हणते, हो, हाच. सगळी हयात मी हेच करत आलोय. बिचारीने माझा चेहरा बघितला आणि मला हवं होतं ते काढून दिलं, वर दोन वस्तू जास्तीच्या. आता तिच्या डोक्यात तू पांढरी साडी नेसून हसत बसणार, तीही पुढे पाच-पन्नास जणांना सांगणार. एक साक्षीदार होता, त्याचीही मी वाट लावून आलो.

तेव्हा हसण्याचा निकाल काही लागणार नाही. तू सांगितलं होतंस तसंच झालं, एक मार्क तुझा. पण अक्का, हसण्याच्या मागे लागून मी तेरा दिवस आणि वर हे आठ दिवस एक दुसरी गोष्ट टाळतोय, आणि मुग्धाशी बोलायचं आहे ते त्याबद्दल.

मार्क माझा म्हटल्यावर लोक हसत होते, शालूचं पुढे काय म्हणून मुलीची आई विचारत होती. मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. तेव्हा तू एक वाक्य बोललीस. ते बस्त्यातल्या कुणी ऐकलेलं नाही. ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही, मुग्धाला नाही, नलिनीला नाही, सतरंजीवर तर नाहीच नाही. तू म्हणशील, तोंडाने नाही काढलंस पण मनात काढलंस ना, मग तेही बदललं असणार. काढलंय. अंघोळ करताना, कुलूप लावताना, जेवताना, सारखं काढलंय. पण मी व्यापारी माणूस आहे, माझंही एक ऐक. माझी बाकीची प्रत्येक आठवण हळूहळू माझ्या सोयीच्या बाजूला सरकली. तू हसायला लागलीस, अडखळणं गेलं, स्पीकर गेला. हे एक वाक्य तेवढं कुठेच सरकलं नाही. इतके दिवस धडपडूनही मला त्यात काही सोयीचं करता आलं नाही. म्हणून ते खरं आहे.

बाहेर स्कूटी थांबल्याचा आवाज आला. मुग्धाच असणार. नलिनी दार उघडायला उठली आहे. मला भीती वाटतेय अक्का, दवाखान्याच्या दारात वाटली नव्हती एवढी. ही पोरगी उद्या जाईल ती कदाचित पुन्हा माझ्या घरी पाऊल ठेवणार नाही. तरी सांगणार आहे. "पण गर्दी होती" म्हणायचं नाही, "मला काय माहीत" म्हणायचं नाही. पहिल्यांदा सांगतोय तर जेवढं घडलं तेवढंच सांगायचं.

मुग्धा, आई मला म्हणाली, "बाळू, जरा येतोस का?" मी म्हणालो, "हा बस्ता उरकला की येतो." पूल ओलांडला की दहा मिनिटांत तुमचं घर. बस्ता चार वाजता उरकला. मी हात धुतले, डबा खाल्ला, शालूंच्या घड्या घालत बसलो. सहाला शेजारच्या वहिनींचा फोन आला तेव्हा मला ते आठवलं. मधले दोन तास, मुग्धा, मी विसरून गेलो होतो.